खाला, वाळू घोडीच्या पोटात होती

खाला, पुरुष माणसं तुम्हाला मातीला घेऊन गेली आणि घरात बायकाच उरल्या. त्यातली एक माझ्याजवळ सरकली आणि कानाशी लागून म्हणाली, "डाक्टरीणबाई, खालाच्या पोटातली वाळू शेवटपर्यंत निघालीच न्हाय म्हणं?"

मी डोळे पुसत होते, ते पुसायचे राहिले. हसू इतकं जोरात वर आलं की ओढणीत तोंड खुपसून बसले. खांदे हलत होते. बायकांना वाटलं डाक्टरीण लईच रडायलीय. कुणीतरी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, थोड्या वेळानं मी रडतच होते. मधे कुठं बदल झाला ते मलाही कळलं नाही.

म्हणून आधी सगळ्या परंड्यासाठी लिहून ठेवते. वाळू खालाच्या पोटात कधीच नव्हती. वाळू घोडीच्या पोटात होती. आणि ही अफवा दुसऱ्या कुणी नाही, खालानं स्वतःच उठवली होती.

आपली पहिली भेट आठवते? मी नवीनच परंड्याला जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. सकाळची वेळ. तुम्ही आत आलात. अंगावर फिकी साडी, डोक्यावरून पदर आणि पायात पुरुषाचे पांढरे बूट.

"बेटी, डाक्टर कुठं हाय?"

"मीच डॉक्टर."

"हौ? बरं. मग मोठा डाक्टर कुठं हाय?"

"मोठी पण मीच."

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "घोडी बघतीस का?"

मी "बघते" म्हणाले. आवाज तेवढा बरा निघाला. माझं रोजचं काम गायी, म्हशी, शेळ्या. घोडा मी कॉलेजात शिकले होते, आणि त्यातला बराचसा सांगाडा होता. जिवंत घोडीच्या मागच्या पायांजवळ उभं राहायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती.

वाटेत तुम्ही सगळं सांगून टाकलंत. घोडीचं नाव नगीना. पांढरी शुभ्र. नवरदेवाला बसवायला आख्ख्या तालुक्यात तिला मागणी. आधी तुमचे मालक, म्हणजे चाचा, तिचा लगाम धरून वरातीपुढं चालायचे. चाचा गेल्यावर लोक म्हणाले, घोडी विका, बाईमाणसाचं काम न्हाय. तुम्ही चाचांचे बूट काढलेत, पुढं कापसाचे बोळे कोंबलेत आणि स्वतः लगाम धरलात. पहिल्या वरातीत लोकांनी नवरदेवाला कमी आणि तुम्हाला जास्त बघितलं, असं सांगताना तुमची मान आपोआप ताठ झाली होती.

घरामागच्या अंगणात नगीना आडवी पडली होती. उठायची, पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, परत बसायची. अंग घामानं भिजलेलं. गळ्यात लिंबू, मिरच्या, काळा दोरा. तुम्ही तिला ओव्याचं पाणी पाजलं होतं, दुवा फुंकून, दम करून आणलेलं पाणी शिंपडलं होतं आणि तुमचं निदानही तयार होतं. "नजर लागलीय. मागच्या लग्नात हिरव्या साडीतली एक बाई लई वेळ टक लावून बघत होती."

मी खाली बघितलं. आख्खं अंगण बारीक, मऊ, नदीच्या वाळूनं भरलेलं. त्याच वाळूवर कडबा टाकलेला आणि त्याच वाळूत हरभऱ्याचे दाणे सांडलेले. घोडी ते ओठांनी वेचून खात असणार, आणि दाण्याबरोबर वाळूही.

घोडीला उभं केलं आणि मी वाकून तिच्या पोटाखाली शिरले. भीतीनं माझ्या तोंडून आपसूक कानडी सुरू झाली. आमचं गाव उमरग्याकडचं, घरात कानडीच. "निंतको अव्वा, निंतको," म्हणजे उभी राहा बाई, उभी राहा. छातीच्या हाडामागं, पोटाच्या अगदी तळाला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि ऐकलं. आत सरसर सरसर आवाज येत होता. घोडीनं श्वास घेतला, आतडं हललं, की वाळू सरकायची.

"मला बी ऐकव," तुम्ही म्हणालात. मी नळी तुमच्या कानाला लावली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. चेहरा बदलला.

"या अल्ला! आत कुणीतरी सुपात तांदूळ पाखडायलंय."

कुठल्याच पुस्तकात त्या आवाजाचं इतकं अचूक वर्णन मी वाचलेलं नाही. पण वर्णन अचूक असलं तरी मत तुमचं तेच. "माझी नगीना वाळू खाईल? ती काय सेंट्रिंगवाली हाय?"

मग मी पुरावा दाखवायचं ठरवलं. गाय गाभण आहे का ते तपासायला आम्ही खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालतो. त्यात ताजी लीद घातली, वर पाणी ओतलं, नीट हलवलं आणि मोजा बोटं खाली करून खिळ्याला टांगला. एव्हाना गल्लीतल्या बायका भिंतीवरून वाकून बघत होत्या. हळूहळू लीद वर राहिली आणि मोज्याच्या बोटांत वाळू उतरली. पाचही बोटं फुगली.

तुम्ही मोज्याकडे बघितलंत, मग माझ्या एप्रनच्या खिशाकडे. "तू टाकलीस."

"मी कशाला टाकू, खाला?"

"नवीन डाक्टर काय बी करतेत. दुसरा मोजा काढ."

दुसरा मोजा काढला. ह्या वेळी लीद तुम्ही स्वतः उचललीत, ढिगाच्या मधोमधची, जमिनीला न लागलेली. पाणी तुमच्या माठातलं. मोजा तुमच्याच हातात. भिंतीवरच्या बायका श्वास रोखून. वाळू खाली उतरली. करंगळीसुद्धा भरली. तुम्ही मोजा फिरवून बघितलात आणि म्हणालात, "मोज्याला भोक असंल."

खाला, एवढा सगळा वाद चालू असताना मला खरी भीती कशाची होती, ते तेव्हा बोलले नाही. आतड्यात वाळूचा थर जाड झाला की वाट बंद होते. औषधानं ती निघाली नाही तर पोट उघडावं लागतं, आणि घोडीचं पोट उघडण्याची सोय आपल्या जवळपास कुठंच नाही. टेम्पोत घालून पुण्या-मुंबईकडे न्यायची तर ती वाटेतच गेली असती. मी फक्त म्हणाले, "आज नळी घालावी लागेल. नाकातून."

"नाकातनं पोटात? रस्ता ठावं हाय ना तुला?"

"आहे."

"गेलीस का कधी त्या रस्त्यानं?"

मी पिशवी उघडली. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, नळी घातली, ती अन्ननळीतच आहे ना हे पुन्हा पुन्हा तपासलं, मग पोट मोकळं करणारं मीठ आणि भिजवलेलं इसबगोल पाण्यातून सोडलं. इसबगोल नळीत घट्ट व्हायच्या आत ते पोटात गेलं पाहिजे, म्हणून मी घाईनं ओतत होते, आणि तोंडानं "निंतको अव्वा, निंतको" चालूच. घोडी खरंच शांत उभी राहिली. तुम्ही माझ्याकडे नव्या नजरेनं बघितलंत. नळी बाहेर आल्यावर हळूच विचारलंत, "मंतर कुणाकडनं घेतलास?"

पुढचे बरेच दिवस इसबगोल रोज द्यायचं होतं. इसबगोल पाण्यात फुगतं, चिकट होतं आणि वाळू कवेत घेऊन पुढं सरकतं. तुम्ही बाजारात जाऊन मेडिकलवाल्याकडचे सगळे डबे मागितलेत. त्यानं काळजीनं विचारलं, "खाला, एवढं कुणाला?" तुम्ही ऐटीत सांगितलंत, "घरातल्या एकीच्या पोटात वाळू झालीय."

घरात तुम्ही आणि घोडी, दोघीच. मेडिकलवाल्यानं त्यातली घोडी वजा केली.

संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात केळी, पपई आणि सल्ले येऊन पडले. एकीनं गरम पाण्यात तूप घ्यायला सांगितलं. एकजण मोठ्या डॉक्टरचा पत्ता घेऊन आले. तुम्ही एकालाही खरं सांगितलं नाहीत. मला म्हणालात, "एवढ्या पपया फुकट कोण देतं? राहू दे." पपया नगीनानं खाल्ल्या. अफवा मात्र राहिली, ती तुमच्या मातीच्या दिवसापर्यंत.

पहिल्या दिवशी तुम्ही इसबगोल पाण्यात कालवून घोडीपुढं ठेवलंत. त्याचा लगदा झाला. नगीनानं त्यात नाक घातलं आणि शिंकली. मी समोरच उभी होते. केसांत, चष्म्यावर, तोंडावर, सगळीकडे गिळगिळीत इसबगोल. तुम्ही भिंतीला टेकून इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग पहिल्यांदा मला "डाक्टरीण" न म्हणता "माझी बच्ची" म्हणालात. पुढं आपण ते कोरडंच, गव्हाच्या कोंड्यात गूळ आणि थोडं तेल घालून द्यायला लागलो. त्याचे लाडू तुम्ही इतक्या निगुतीनं वळायचात की एकदा मीही एक तोंडात टाकला. चव वाईट नव्हती. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

रोज यायचं, पोट ऐकायचं, मोजा टांगायचा. मग चहा. मी लिंगायत, घरात मांस शिजत नाही, हे कळल्यावर तुम्ही माझ्यासाठी वेगळं पातेलं आणलंत. "यात कधी गोश्त शिजलं न्हाय, खुदाची कसम," असं दरवेळी सांगायचात, मी न विचारता. त्या पातेल्यातली शेपूची भाजी आणि गरम भाकरी खाऊन मी परंड्यात टिकले. घर दूर होतं, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि बदलीचा अर्ज मनात अर्धा लिहूनही झाला होता. तो पुढं कधी लिहिलाच नाही. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग ईट गावचं लग्न आलं. तुम्ही शब्द देऊन बसल्या होतात. मी म्हणाले, चालणं तिच्या पोटाला चांगलंच आहे, पण नवरदेव हलका पाहिजे, वाट थोडी पाहिजे आणि फटाका एकही नको. तुम्ही आधीच जाऊन नवरदेव बघून आलात. "काडी हाय नुसता. पाकिटासंगट बी वजन न्हाय." आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंत की मी सोबत येईन.

नवरदेवाचा मामा फटाके बनवणाऱ्या गावचा, तेरखेड्याचा. फटाक्यांची पेटी घेऊन आलेला. तुम्ही त्या पेटीवरच बसलात. "घोडीचं पोट नाजूक हाय. एक बी बार उडला तर नवरदेव पायी जाईल." मामा बिचारा वरातभर फटाक्यांविना नाचला.

मांडव दिसायला लागला, बँड रंगात आला, आणि नगीना मधेच थांबली. शेपूट वर केली. बाकी सगळे मागं सरकले, तुम्ही पुढं गेलात. खाली बसलात, काडीनं बघितलंत आणि दोन्ही हात वर करून ओरडलात, "निघाली! गं बच्ची, निघाली! ढिगानं निघाली!"

बँड थांबला. नवरदेवाची आई धावत आली, "काय निघाली? नवरी निघाली का?"

"वाळू!" तुम्ही म्हणालात. "वाळू निघाली! मोजा आण!"

आणि मी आणला, खाला. चांगली साडी नेसून, केसांत गजरा माळून, मी पर्समधून हातमोजा काढला. नवरदेव वरून वाकून बघत होता. बोटं भरली तशी बँडवाल्यानं आपण होऊन ढोल वाजवला. त्या लग्नाचा व्हिडिओ अजून त्यांच्या घरी असेल. त्यात नवरीपेक्षा आपण दोघी जास्त आहोत.

त्या दिवशी सगळं संपलं असं वाटलं होतं. पण वाळू अंगणात होती तोवर काहीच संपणार नव्हतं. मी परोपरीनं सांगितलं, खाला, वाळू उचला, नाहीतर चारा उंचावर ठेवा. तुम्ही विषय बदलायचात. कधी चहा, कधी पाऊस, कधी माझ्या लग्नाचं. आणि थोड्याच महिन्यांत नगीना परत पोटाकडे बघायला लागली.

त्या दुपारी मी खरंच चिडले. लीद मोज्यात घालून तुमच्यापुढं धरली. "बघा. परत तेच. तुम्हाला घोडी पाहिजे की वाळू पाहिजे?"

तुम्ही खाली बसलात आणि मूठभर वाळू हातात घेतलीत.

"सीना नदीची हाय," म्हणालात. "त्यांनी आणली. अंगणात खडक होता, नगीनाच्या गुडघ्याला लागायचं. दम लागायचा त्यांना, तरी घमेल्या-घमेल्यानं पसरली. पसरून झाल्यावर घोडी लोळली, तर लहान लेकरागत टाळ्या वाजवल्या त्यांनी. त्याच्यानंतर अंथरूण धरलं ते उठलेच न्हायत. ही उचलली तर मग त्यांचं काय राहतं इथं? बूट तेवढे. ते बी झिजले."

मी मोजा खाली ठेवला. कॉलेजात ह्याच्यावर काही शिकवलेलं नव्हतं. मीही त्या वाळूत तुमच्याशेजारी बसले. घोडीला इंजेक्शन देऊन झालं होतं, तीही शांत होती. मग तुम्हीच पदरानं नाक पुसून विचारलंत, "गव्हाण बांधायला वाळू लागती का?"

"लागते की."

"मग उंच गव्हाण बांध म्हणं गवंड्याला. हीच वाळू घालून. म्हणजे तिला खायला घालणारे तेच."

गवंडी आला. वाळू चाळून देण्याचा मान तुम्ही कुणालाच दिला नाहीत. छातीएवढी उंच गव्हाण झाली, उरलेली वाळू तुम्ही घरासमोरच्या ओट्यात घातलीत, आणि अंगणात शहाबादी फरशी बसली, वर रबराची चटई. त्यानंतर मोज्याची बोटं हळूहळू रिकामी होत गेली. एके दिवशी पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसलं. तुम्ही तो मोजा उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिलात.

आपला वाद मात्र मिटला नाही. माझं म्हणणं, नगीना सांडलेल्या हरभऱ्यापायी वाळू खात होती. तुमचं म्हणणं, ती चाचांच्या आठवणीनं खात होती. ती त्यांच्या हाताचा वास शोधायची. मी म्हणायचे, आतड्याला आठवण कळत नाही. तुम्ही म्हणायचात, तुझं लगीन झालं न्हाय, तुला काय कळतंय. खाला, मला अजूनही हरभराच वाटतो. पण तुम्ही गेल्यापासून हे मत मी पूर्वीइतक्या जोरात मांडू शकत नाही.

आणि एक राहिलंच. तो मंतर नव्हता हो. तुम्ही तो साऱ्या गल्लीला शिकवलात. शेजारणीची म्हैस दूध काढताना हलली की ती "निंतको अव्वा" म्हणते. रडणाऱ्या पोरांवर फुंकर घालून म्हणतात. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बच्ची, माझ्यावर बी म्हण." मी म्हटलं. खूप वेळा म्हटलं. उभी राहा बाई, उभी राहा. अर्थ सांगायला जीभ वळली नाही.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर ईटजवळच्याच एका गावाहून एक गृहस्थ आले. तुम्ही त्यांना घोडीचा शब्द दिला होता. दारात उभे राहून चाचरत म्हणाले, "आता कसं म्हणावं, पण..." घरात तुमची लेक शाहीन होती, कुर्डुवाडीहून आलेली. तिथं शिवणकाम करते, आणि जन्मभर घोडीला लांबून सलाम करत आलेली. तुम्ही तिला भित्री म्हणायचात. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं माझ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे, आणि म्हणाली, "अम्मीनं शब्द दिलाय ना? मग येतो आमी."

मी सोबत गेले. नवरदेव बसला, बँड सुरू झाला. शाहीननं लगाम दोन्ही हातांनी घट्ट धरला, तोंड घोडीकडे करून. नगीना जागची हलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोडीला काही झालेलं नव्हतं. मी शाहीनजवळ गेले आणि म्हणाले, "तिच्या डोळ्यात बघू नकोस. पाठ फिरव आणि चालायला लाग. येते ती."

शाहीननं पाठ फिरवली. पहिलं पाऊल टाकलं. नगीना क्षणभर उभी राहिली, मग मान खाली घालून तिच्या मागं निघाली. चौकात गर्दी वाढली. नवरीकडचा एक जाडजूड पाहुणा नाचत नाचत घोडीच्या अगदी अंगावर आला आणि नवरदेवाच्या मागं चढायला बघू लागला. शाहीन गर्रकन वळली.

"ओ भाऊ, मागं सरा! घोडी हाय ही, वडापची जीप न्हाय!"

पाहुणा जागेवरच थिजला. बँडवाल्यांपैकी दोघं हसले. आणि मी, खाला, इतक्या वर्षांत घोडीच्या पोटापलीकडं कशावर विश्वास न ठेवणारी बाई, तुम्ही कुठून ओरडलात ते बघायला मागं वळले.